पहिलं की दुसरं?

माझ्या नवऱ्याला गाण्यातलं काही कळत नाही, हे मला लग्नाआधीच ठाऊक होतं. पुण्यात एका मैफलीला आम्ही पहिल्यांदा दोघंच गेलो होतो. गवई समेवर आला की माझं बोट आपोआप मांडीवर पडायचं आणि लगेच पाठोपाठ जयंत "वा!" म्हणायचा. शेजारचे एक आजोबा त्याच्याकडे कौतुकाने वळून वळून बघत होते. मध्यंतरात मी विचारलं, "तुला खरंच आवडतंय का रे?" तर म्हणाला, "तुझं बोट पडलं की मला कळतं, इथे आवडायला पाहिजे." मला तेव्हा हे फार गोड वाटलं. आता कुणी विचारलं तर सांगेन, की तिथूनच रिक्षा करून घरी जायला हवं होतं.

लग्नानंतर आम्ही दिल्लीला आलो. आधी करोलबागेत भाड्याने राहिलो आणि मग द्वारकेत, सोसायटीतल्या सहाव्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये. ही गोष्ट घडली तेव्हा मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते. ऑटोवाला द्वारका म्हटलं की मान फिरवून निघून जायचा. जयंत मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत खरेदी खात्यात मॅनेजर होता. सकाळी कंपनीची बस त्याला उचलायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची. अवनी, आमची लेक, शाळेत. उरले मी आणि माझं व्हायोलिन.

मी व्हायोलिन आपल्या पद्धतीने वाजवते, मांडी घालून, त्याचं डोकं घोट्यावर टेकवून. पुण्यात गिरिजाबाईंकडे पंधरा वर्षं शिकले. द्वारकेत आल्यावर खाली नोटिस बोर्डावर क्लासची चिठ्ठी लावली, तर तिघी आया येऊन गेल्या. तिघींनी विचारलं, "कॅसिओ सिखाते हो?" मग मी चिठ्ठी काढून टाकली. रोज दुपारी दार-खिडक्या लावून एकटीच वाजवायची. डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान जायचं, तेवढाच काय तो श्रोता.

जयंतला वेड आहे ते स्पीकरचं. एका दिवाळीच्या बोनसमधून त्याने कमरेइतके उंच लाकडी स्पीकर आणले आणि दिवाणखान्यातला टीपॉय बाजूला सरकवला. त्यावर तो ऐकायचा काय, तर तबल्याचा "धा" किती खोल जातो आणि फरशी थरथरते का. त्याच्या वायरी कुठून आल्या, किती जाड आहेत, हे तो कुणालाही सांगायचा. कारखान्यात जेवताना त्याने हे त्याच्या साहेबांना सांगितलं, आणि तिथून आमचे शनिवार गेले.

साहेबांचं नाव मिझुतानी-सान, सान म्हणजे आपलं 'राव'. खरेदी खात्याचे मुख्य, पन्नाशीचे, किडकिडीत आणि अतिशय सभ्य. बायको नागोयाला. इथे ते गुडगावला कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहायचे, आणि तिथले बाकीचे जपानी लोक सुट्टीभर टीव्हीवर बेसबॉल लावून बसायचे. ह्या माणसाला ऐकायचं असायचं क्वार्टेट. म्हणजे पाश्चात्य संगीतात दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा एक व्हिओला आणि खर्जातला एक चेलो, असे चौघं समोरासमोर बसून वाजवतात ते. त्यात पाचवा आला की क्विन्टेट. मलाही तेव्हा एवढं माहीत नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी कारखाना अर्ध्या दिवसाने सुटल्यावर ते सीडींची पिशवी घेऊन आमच्याकडे आले, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले आणि सोफ्याच्या कडेवर बसले.

मी मागे डायनिंग टेबलापाशी होते. सुरुवातीला मला ते सगळं गिचमिडच वाटलं. मग एका जागी तिघं थांबले आणि पहिलं व्हायोलिन एकटंच एका सुरावर उभं राहिलं. इतका वेळ उभं राहिलं की आता हा सूर तुटणार असं वाटायला लागलं, आणि नेमका तेव्हा खालून चेलो आला. माझं बोट टेबलावर पडलं. जयंतचं लक्ष सवयीने माझ्याकडे होतंच. त्याने हात वर केला आणि खड्या आवाजात म्हणाला, "वा! क्या बात है!"

मिझुतानी-सान दचकले. त्यांनी सीडी थांबवली. त्या संगीतात वाजवणं चालू असताना कुणी तोंड उघडत नाही, एवढं मला दूरदर्शनवर बघून माहीत होतं. मला वाटलं, गेली नोकरी. पण त्यांनी मान वळवली तर डोळ्यांत पाणी.

"जयंत-सान," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला ते ऐकू आलं. ह्या जागेवर माझी बायको डोळे मिटते. इतक्या वर्षांत दुसरं कुणी तिथे थांबलेलं मी पाहिलं नाही."

आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय करावं? खरं सांगावं. जयंत म्हणाला, "बिल्कुल, सर."

पुढच्या शनिवारी ते परत आले. ह्या वेळी एकाच क्वार्टेटची दोन रेकॉर्डिंग होती, वेगवेगळ्या चौघांची. त्यांचा म्हणे हाच छंद. एकच रचना कुणी कशी वाजवली हे ताडून बघायचं, आणि घरात ठेवायचं ते एकच रेकॉर्डिंग. दुसरं ते कुणाला तरी देऊन टाकत. नागोयात हा निवाडा ते बायकोबरोबर करायचे. दोन्ही ऐकून झाल्यावर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. लगेच बोलायचं नाही, आधी चहा, मग मत. चहा झाला. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पहिलं की दुसरं?"

जयंतने माझ्याकडे पाहिलं. मला दुसरं आवडलं होतं. पहिल्यातले चौघं फार गुणी होते, पण प्रत्येक जण आपापलं दाखवत होता. दुसऱ्यातले एकमेकांचं ऐकत होते. मी कपाळावरून दोन बोटं फिरवली. "दुसरं," जयंत म्हणाला. का, हे सांगायची त्याला गरजच पडली नाही. मिझुतानी-सान म्हणाले, "मीसुद्धा दुसरंच," आणि खाली वाकून त्याला नमस्कार केला.

त्यांच्या आणि माझ्या आवडीचं कसं जुळलं कोण जाणे, पण जुळलं. दर शनिवारी जुळत गेलं. एकदा त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली तसे आम्ही घाबरलो आणि खुणेची पद्धत बदलली. पहिलं चांगलं असेल तर चहाबरोबर चिवडा, दुसरं असेल तर बेसनाचा लाडू. दोन्ही कधीच नाही. पाहुण्याला असं एकेक देताना माझ्या जिवावर यायचं, आईने बघितलं असतं तर काय म्हणाली असती! पण मिझुतानी-सानना त्यात काही शिस्त दिसली. चहाबरोबर एकच पदार्थ, हे त्यांना फार सुंदर वाटायचं. तसं त्यांनी बायकोला कळवलंही.

कारखान्यात जयंतला लोक "उस्ताद" म्हणायला लागले. साहेब मीटिंगमध्ये त्याला शेजारी बसवायचे. घरी तो मला म्हणायचा, "लतिका, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं यार." ह्या एका वाक्यावर मी मार्च महिना काढला.

मग उन्हाळा आला. दिल्लीचा उन्हाळा मला नवा नव्हता, पण पंखा बंद करून मी तो कधी काढला नव्हता. पंख्याचा आवाज हळू जागांवर येतो म्हणून पंखा बंद. एसी घुमतो म्हणून एसी बंद. विमानांसाठी खिडक्या बंद, पडदे ओढलेले. फ्रिजचं बटणसुद्धा मिझुतानी-सान "माफ करा" म्हणत स्वतः बंद करायचे. आणि एवढं करून हळू चाललेल्या भागात विमान गेलंच, की ते शांतपणे रिमोट उचलायचे आणि तो भाग पहिल्यापासून लावायचे. एका शनिवारी एकच भाग त्यांनी इतक्यांदा पहिल्यापासून लावला की अवनी आतल्या खोलीतून ओरडली, "आई, ये खतम क्यों नहीं होता?" माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. तिला काय सांगणार? उठून जाताही येत नव्हतं, कारण निकाल माझ्याकडे होता.

मला राग कशाचा यायचा ते सांगते. उन्हाचा नाही. त्या माणसाने इतक्या शनिवारांत मला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला कोणतं आवडलं. एकदा त्यांना कोपऱ्यात माझं व्हायोलिन दिसलं. "मुलीचं?" त्यांनी विचारलं. जयंत म्हणाला, "मिसेसचं. हॉबी आहे." ते माझ्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, "चहा फार छान होता." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि वाहत्या पाण्याखाली मनगटं धरून उभी राहिले. त्या घरात क्वार्टेट ऐकू येणारी दोनच माणसं होती आणि त्यातल्या एकाला दुसरं माणूस दिसत नव्हतं. बोलून टाकावं असं कितीदा तोंडाशी आलं. पण बोलले असते तर जयंत इतके महिने साहेबांना फसवत होता हेही बोलल्यासारखं झालं असतं.

मेच्या सुरुवातीला गिरिजाबाईंचा फोन आला. त्यांचे हात आता गज धरताना थरथरत होते. क्लास बंद करायचा किंवा कुणाला तरी द्यायचा.

"तुझ्याशिवाय कुणाला देऊ?" त्या म्हणाल्या. "चांगली वीस-बावीस मुलं आहेत. चार तर खरंच वाजवणारी आहेत. जूनला शाळा सुरू व्हायच्या आत ये. नाहीतर मी पालकांना सांगून टाकते."

त्याच आठवड्यात जयंतने बातमी आणली. कंपनी पुण्याजवळ चाकणला नवा कारखाना काढत होती. खरेदी खात्यातला एक मॅनेजर जूनमध्ये तिकडे जाणार होता. एक तर जयंत, नाहीतर त्याच्या शेजारच्या टेबलावरचा विलास. मला वाटलं देवच पावला. मी त्या रात्री बॅगा कुठे आहेत ते बघूनसुद्धा ठेवलं.

"साहेबांना सांग, आम्हाला जायचंय."

"सांगितलं की. पुण्याला आमचं घर आहे म्हटलं."

"मग?"

"'हं' म्हणाले."

"माझ्या क्लासचं सांगितलंस?"

जयंतने चेहरा कसनुसा केला. "बायकोच्या क्लाससाठी बदली मागतोय म्हणू? काय यार लतिका. एकदा मागितलंय ना. मिळाली तर जाऊ. आपण काय नाही म्हणतोय का?"

नाही म्हणत नव्हता, हे खरं. जयंतने मला कधीच कशाला नाही म्हटलेलं नाही. त्याने कधी माझ्यासाठी दार ढकललेलंही नाही. उघडं मिळालं तर तो माझ्याबरोबर आनंदाने आत येतो.

त्या शनिवारी निघताना मिझुतानी-सान दारात बूट घालत होते. लिफ्ट बंद होती आणि त्यांचा ड्रायव्हर कुठे झाडाखाली झोपला होता, म्हणून जयंत त्याला उठवायला खाली गेला होता. पहिल्यांदाच आम्ही दोघं एकटे होतो.

"लतिका-सान, माझी अडचण आहे," ते म्हणाले. "परवाचा सोडून पुढच्या सोमवारी मला चाकणसाठी नाव कळवायचं आहे. कामाला दोघंही सारखे. पण जयंत-सान गेले तर मी कुणाबरोबर ऐकू? अजून तीन वर्षं मी इथे आहे."

मी धीर केला. "मला पुण्याला जायचंय," मी म्हटलं. "तिथे माझं काम आहे. मी व्हायोलिन शिकवते."

"हो, हो," त्यांनी मान डोलावली. "आपलं गाव सगळ्यांना आवडतं." मग बुटाची नाडी बांधता बांधता त्यांचा चेहरा उजळला. "पुढच्या शनिवारी मी क्विन्टेट आणतो. दोन चेलो असलेलं. सर्वात मोठी रचना, मी शेवटी ठेवली होती. दोन रेकॉर्डिंग आहेत. जयंत-सान काय म्हणतात ते मला ऐकायचंच आहे."

ते जिना उतरून गेले आणि मी दाराला टेकून उभी राहिले. आणि मला विलास आठवला. विलासही एकदा आला होता, एप्रिलमध्ये, आपल्यालाही साहेबांच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून. त्या दिवशी त्याने जयंतच्या आधीच घाईने मत दिलं आणि चुकीचं दिलं. मिझुतानी-सान हसले, "फार छान" म्हणाले, आणि त्यानंतर त्याला कधीच बोलावलं नाही. ना राग, ना अढी, ऑफिसात वागणं तेच. फक्त विलास सुटला होता. मी इतके शनिवार त्या घामात बसून, अचूक लाडू आणि अचूक चिवडा देऊन, स्वतःच्या हाताने स्वतःला दिल्लीत डांबून ठेवत होते.

जयंतला सांगावं का? मी आडून विचारून बघितलं. भाजी निवडता निवडता म्हटलं, "तू एखाद्या वेळी चुकलास तर काय होईल रे?"

"चुकलो तर? सगळे उस्ताद म्हणतात मला," तो म्हणाला. "मुद्दाम बहिरा होऊ का मी?"

मग मी ठरवलं की सांगायचं नाही. मला लाज वाटली, हे लपवत नाही. नवऱ्याची फजिती करायची आणि त्याला कळूही द्यायचं नाही, हे काही चांगल्या बायकोचं काम नव्हे. पण तो एवीतेवी माझ्याच मताने चालत होता. माझं मत मी कुठल्याही दिशेला फिरवू शकते, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या आठवड्यात मी एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यायला हवं होतं. रविवारी दुपारी मी बाजारातून आले तर दिवाणखान्यात पंखा बंद होता आणि जयंत एकटाच बसून मिझुतानी-साननी मागे ठेवलेली कुठलीशी सीडी ऐकत होता. वायरी बदलल्या असतील, तपासत असेल, असं समजून मी भाज्या घेऊन आत गेले. बुधवारी आंघोळ करताना तो काहीतरी गुणगुणत होता. त्याचा सूर नेहमीसारखाच घसरलेला होता. म्हणून ते काय होतं तेही मी ओळखलं नाही.

शनिवारी मिझुतानी-सान कोट घालून आले. त्या उकाड्यात! अवनीला मी आधीच खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे पाठवलं होतं. खिडक्या, पडदे, पंखा, फ्रिज, सगळं बंद झालं. पहिलं रेकॉर्डिंग नवं होतं, काचेसारखं स्वच्छ. एकेक तार वेगळी दिसत होती. संथ भागात मधले तिघं लांबच लांब सूर धरून बसतात, वर एक व्हायोलिन तुटक तुटक बोलतं, आणि खाली दुसरा चेलो बोटांनी नुसती तार छेडतो. फार सुंदर वाजवलं होतं. कुठेही बोट ठेवायला जागा नाही, आणि माझ्या आत काहीही हललं नाही.

दुसरं जुनं होतं. तळाशी खरखर होती, मध्येच कुणीतरी खोकलं. संथ भाग सुरू झाला. हे पाच जण इतक्या सावकाश वाजवत होते की लय मोडेल अशी भीती वाटावी. दुसऱ्या चेलोची छेडलेली तार दर वेळी मनाने धरलेल्या जागेच्या जराशी मागे पडत होती. चूक नव्हती ती. त्या माणसाला पुढे जायचंच नव्हतं. मी तिथे बसल्या बसल्या रडायला लागले आणि घाम पुसल्याचं सोंग करून पदराने तोंड पुसत राहिले. त्या दुपारी विमानांनीसुद्धा वाट अडवली नाही. मला आठवतंय, शेवटचा सूर विरला तेव्हा माझ्या मनात आलं, की हे ऐकून खोटं बोलायला फार निर्लज्जपणा लागतो. आणि तो मी आणला.

मिझुतानी-साननी बोट ओठांवर ठेवलं. मी स्वयंपाकघरात गेले. चहा उकळला. हात लाडवांच्या डब्याकडे गेलाच होता, तो मागे घेतला आणि दोन बशांत चिवडा काढला. बाहेर येऊन एक बशी साहेबांसमोर ठेवली आणि एक जयंतसमोर. त्याने बशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

जयंतने चिवडा खाल्ला. चमच्याने, सावकाश, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत. चहा संपवला. मिझुतानी-साननी कप खाली ठेवला.

"पहिलं की दुसरं?"

मला गिरिजाबाईंची खोली दिसत होती. दोन खिडक्या, सतरंजी, ओळीने बसलेली मुलं. मी जयंतच्या तोंडाकडे बघत होते.

"दुसरं," जयंत म्हणाला.

मला वाटलं त्याने खूण चुकीची वाचली. पण तो थांबला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने पुढे बोलायला सुरुवात केली. "सर, पहिल्याचा साऊंड बेटर आहे. बेस एकदम क्लीन. माझ्या स्पीकरवर पहिलंच लावायला पाहिजे. पण दुसऱ्यात तो खालचा चेलो आहे ना, जो बोटाने वाजवतो, तो प्रत्येक वेळी जरा थांबतो. जणू त्याला ते संपवायचं नाहीये. मला..." त्याने छातीवर हात ठेवला. "मला इथे काहीतरी झालं, सर."

 मिझुतानी-साननी पहिली सीडी पिशवीतून काढली आणि आमच्या टीपॉयवर ठेवली. "ही तुमची," ते म्हणाले. "दुसरी मी ठेवतो. आपण परत ऐकू. आणि जयंत-सान, मला माफ करा. सोमवारी मी विलास-सानचं नाव पाठवतो. तुम्हाला मी सोडू शकत नाही."

"नो प्रॉब्लेम, सर," जयंत म्हणाला. मग त्याला मी आठवले असणार, कारण त्याने ओशाळून माझ्याकडे पाहिलं. पण तेवढंच. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याला आवरत नव्हता.

साहेबांना गाडीपर्यंत सोडून तो धावतच जिना चढून आला, धापा टाकत. मी अजून तिथेच बसले होते. खोली तशीच बंद होती.

"लतिका, खरं खरं सांग," तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. "दुसरंच होतं ना?"

चौदा वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी बसून मैफली ऐकल्या होत्या. एकदा तरी माझ्या बोटाकडे न बघता ह्याला काही ऐकू यावं, असं मला दर वेळी वाटायचं. ते आजच व्हायचं होतं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

"दुसरंच होतं," मी म्हटलं.

"बघ! मला वाटलंच. चिवडा बघून माझं धाबंच दणाणलं. म्हटलं, ही कधी चुकत नाही, मग मलाच काहीतरी भलतं ऐकू आलं की काय? पण नाही, मला माहीत होतं. मी सांभाळून घेतलं." तो हसत होता. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज उतरला. "पुण्याचं राहिलं. सॉरी गं. तीन वर्षांनी बघू, हं?" आणि मग, अगदी सहज, त्याने विचारलं, "पण तू चिवडा का आणलास?"

तो माझ्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत. खरं सांगितलं असतं तर आजचा त्याचा दिवस मी हिसकावून घेतला असता, आणि त्या बदल्यात मला काही मिळणार नव्हतं.

"लाडू संपले होते," मी म्हटलं.

"अच्छा," जयंत म्हणाला. "मग पुढच्या शनिवारी जास्त कर." आणि तो पंखा लावायला उठला.